कासीममास्तरांची जुनी डिस्क

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचे कारखाने किती आहेत ते मला विचारू नका. पण त्यात लिनक्स येणारी माणसं किती, ते मी झोपेतही सांगेन. एक! आणि तो मी, शिवपुत्र.

हे स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

आमच्या कारखान्यात बारा माग आहेत. चादर विणायला घेतली की माग आधी ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडून नक्षी मागून घेतो आणि मग खडाखडा सुरू होतो. म्हणजे बारा मागांचं डोकं ऑफिसच्या कोपऱ्यात एका टेबलावर बसलंय आणि त्या टेबलासमोर मी बसलोय. दोन हजार सात साली याच कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसला आणि त्यानं कासीममास्तरांच्या महिनाभराच्या नक्ष्या खाऊन टाकल्या. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांचा मुलगा सरफराज ईदच्या सुट्टीत पुण्याहून आला, त्यानं आतली जुनी सिस्टिम काढून फेकली आणि कॉम्प्युटर चालवायला लिनक्स घातलं. जाताना त्यानं मला दोन तास शिकवलं आणि चाळीस पानी वहीत बारा आज्ञा लिहून दिल्या. पुढं तो रियाधला गेला. त्या बारा आज्ञांवर माझं राज्य आजतागायत चालू आहे.

इतक्या वर्षांत हे मशीन माझ्या हातून एकदाही बिघडलेलं नाही, असं मी नव्या माणसांना सांगतो. मी हे सांगायला लागलो की जुनी माणसं तंबाखू मळायला बाहेर जातात.

आता मास्तरांविषयी सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे. कासीममास्तर आमचे नक्षी काढणारे. आयुष्यभर चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं नक्षी काढली, एक चौकट म्हणजे एक धागा. कॉम्प्युटर आला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. माऊस पेन्सिलीसारखा तीन बोटांत धरायचे आणि मध्येच चुकून त्याला टोक आहे का बघायचे. पण महिनाभरात शिकले. शिकले ते शिकले, मला मात्र त्यांच्या नक्ष्यांची नावं शेवटपर्यंत पचली नाहीत.

कारखान्याचा नियम असा की नक्षीला नंबर द्यायचा. मास्तर म्हणायचे, "नंबर कैद्याला असतो, शिवा. नक्षीला नाव पायजे." आणि नाव काय ठेवायचे? त्या दिवशी जे घडलं असेल ते. पाऊस आला नाही तर नक्षीचं नाव 'पाऊस आलाच नाही'. जुने मालक आप्पा चिडले तर 'आप्पा रागावले'. फाइलला जे नाव असेल तेच चादरीच्या चिठ्ठीवर आपोआप छापलं जातं, त्यामुळे या नावांच्या चादरी बाजारात जायच्या. एकदा वैरागचा एक व्यापारी ऑफिसात आला आणि थेट आप्पांनाच विचारता झाला, "आप्पा रागावले हायत का?"

आप्पा म्हणाले, "न्हाय ओ. कोण म्हणतंय?"

"मग कवा येनार? आमच्याकडं लई मागनी हाय."

त्या दिवशीची नक्षी मास्तरांनी लगेच काढली आणि तिला नाव दिलं, 'वैरागचा पाहुणा'. ती आप्पांपेक्षा जास्त खपली.

मास्तर निवृत्त झाले, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या सगळ्या नक्ष्या कॉम्प्युटरातल्या जुन्या डिस्कवर तशाच राहिल्या. नव्या नक्ष्या मी करतो. त्यांना नंबर देतो. चार हजार एक, चार हजार दोन. कुणीही वैरागहून त्यांची चौकशी करायला येत नाही.

तर दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास कमरबीचाची ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. मास्तरांच्या मंडळी. हातात नेहमीची कापडी पिशवी. मी उठून खुर्ची दिली. या बाईंनी मला अठ्ठावीस वर्षं खाऊ घातलंय. मी शाकाहारी, म्हणून दर ईदला माझा शीरखुर्मा वेगळ्या पातेल्यात करायच्या, आणि ते पातेलं वर्षभर दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत. मास्तर गेल्यावरही पातेलं येतच राहिलं.

"शिवा, इफ्राचं लगीन ठरलं," त्या म्हणाल्या. इफ्रा म्हणजे सरफराजची मुलगी, मास्तरांची नात.

"वा. कधी?"

"पंधरा दिसांनी. एक काम हाय तुझ्याकडं." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "ती ल्हान असताना मास्तरांनी तिच्यासाटी एक नक्षी काढली हुती. मोराची. हिच्या लग्नात इनू म्हनले, तवर कुनाला द्याची न्हाय. कवा इनलीच न्हाय रे ती. तुझ्या मशीनमदी असंल बग."

मालक, म्हणजे आप्पांचा मुलगा दिग्विजय, तिथंच उभा होता. पोरगा कडक आहे, पण कमरबीचाचींनी त्याला लहानपणी कडेवर घेतलेलं. तो म्हणाला, "चार नंबरचा माग उद्या एक दिवस मोकळा आहे. परवापासून तो मोठ्या ऑर्डरला लागेल, मग दोन महिने हात लावता येणार नाही. शिवपुत्रकाका, नक्षी आज पाचच्या आत मागाला मिळाली तर विणू."

चाचींनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीत मागं रेललो.

"चाची, दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही चहा घ्या. कप खाली ठेवायच्या आत मोर समोर उभा करतो."

चहा आला. मी 'जुने' नावाचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

मी फोल्डर बंद केला, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडला. चष्मा स्वच्छ झाल्यामुळे फोल्डर आणखी रिकामा दिसला.

इथं तुम्हाला थोडं सांगायला हवं. लिनक्समध्ये डिस्क नुसती जोडून भागत नाही. दारात आलेल्या पाहुण्याला जसं "या, इथं बसा" म्हणावं लागतं, तसं डिस्कच्या पार्टिशनला, म्हणजे तिच्यातल्या कप्प्याला, अमुक फोल्डरमध्ये बस म्हणून सांगावं लागतं. याला माउंट करणं म्हणतात. एकदा सांगून ठेवलं की रोज कॉम्प्युटर सुरू होताना ते आपोआप होतं. इतकी वर्षं होत होतं. आज पाहुणा दारातच होता आणि मला तो दिसत नव्हता.

"काय झालं?" चाची म्हणाल्या.

"काही नाही. जुनी डिस्क आहे, उठायला वेळ लागतो."

मी वही काढली. आज्ञा क्रमांक सात, डिस्क माउंट करण्याची. लिनक्स पहिल्या डिस्कला 'ए' म्हणतं, दुसरीला 'बी'. आमची जुनी डिस्क म्हणजे 'बी'. हे मला माझ्या जन्मतारखेसारखं पाठ. मी 'बी'ला बसवण्याची आज्ञा दिली. उत्तर आलं, ही आधीच दुसरीकडे बसलेली आहे किंवा कामात आहे.

पुन्हा दिली. पुन्हा कामात. तिसऱ्यांदा जरा जोरात बटण दाबून दिली. तेवढ्यात आमचा जॉबर बिरुदेव आत आला. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. मागाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल झालाय ते सांगणारा हा माणूस, फक्त कॉम्प्युटर आवाज करत नाही म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. तो माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. तो नुसताच टोपी काढत होता आणि घालत होता.

मी मोबाइलवर शोधलं. एका पानावर एका गृहस्थानं फार आत्मविश्वासानं लिहिलं होतं की पार्टिशन उघडत नसेल तर पुढील आज्ञा द्यावी, पार्टिशन नव्यानं तयार होईल. नव्यानं तयार होईल हे मला आवडलं. ही आज्ञा वहीत नव्हती, पण वही तरी किती जुनी! मी एकेक अक्षर उतरवून घेतलं. शेवटी 'बी' लिहिलं. आता फक्त एंटर दाबायचं होतं. मी बोट उचललं.

"अण्णा," बिरुदेव म्हणाला. "जरा थांबताव का?"

"काय रे?"

"न्हाय, म्हंजे... खंडेनवमीला आपन मशनी पुजल्या न्हवं का?"

"पुजल्या की."

"तवा ह्यो डबा पन पुसून घेतला मी. म्हनलं बारा मागांचा मालक हितं बसलाय, त्याला धूळ कशापाई? झाकन काडलं, कॉम्प्रेसरचं वारं मारलं, आतल्या दोन पेट्यांना हळद-कुकू लावलं."

"बरं केलंस."

"तवा त्या दोन लाल वायरी काडल्या हुत्या. मग परत लावल्या. कुठली कुठं हुती ते..." त्यानं टोपी घातली. "ते आटवंना."

मी बोट हवेतच ठेवून त्याच्याकडं बघत राहिलो. मग सावकाश बोट खाली आणलं आणि खिशात घातलं.

दोन वायरींची अदलाबदल! म्हणजे जी डिस्क 'बी' होती ती आता 'ए' झाली होती आणि जिच्यावर सगळा कॉम्प्युटर चालतो ती 'बी'. तिला मी नव्यानं तयार करायला निघालो होतो. त्या आज्ञेनं पार्टिशन धुऊन कोरडं होतं, हे मला संध्याकाळी कळलं. तेव्हा कळलं नाही तेच बरं, नाहीतर मी तिथंच आडवा झालो असतो. मी डबा उघडून पाहिलं. दोन्ही डिस्कवर कुंकवाची बोटं होती आणि मध्ये झेंडूची एक पाकळी.

"लई चुकलं का?" बिरुदेवनं विचारलं.

"देवाचं काम होतं, चुकलं कसं म्हणणार?" मी म्हणालो. खरं तर मला वेगळं काही म्हणायचं होतं, पण चाची समोर होत्या.

आता सगळं सोपं होतं. मी वही पुन्हा उघडली. सरफराजच्या अक्षरातली आज्ञा क्रमांक सात जशीच्या तशी उतरवली, फक्त 'बी'च्या जागी 'ए' केला, आणि एंटर दाबलं. काही तक्रार आली नाही. फोल्डर आपोआप उघडला आणि पडदा भरून नावं आली. अकराशे चाळीस नावं.

"आले मास्तर," मी म्हणालो.

मास्तरांनी मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, म्हणून चाचींना वाचता येईनात. मी वाचून दाखवायला लागलो. 'आप्पा रागावले'. 'आप्पा पुन्हा रागावले'. 'आप्पांची बायपास'. 'बिरुदेव कामाला लागला'. बिरुदेवनं टोपी काढली ती काढलीच. 'गड्ड्याच्या जत्रेत पाळणा अडकला'. 'इफ्रा झाली'. 'इफ्रा शाळेत गेली'. चाचींनी दोन्ही वेळा मला थांबवलं, पण दोन्हीत मोर नव्हता, फुलंच होती. मग 'कमरबी रुसली' आलं. मागोमाग 'कमरबी रुसली' क्रमांक दोन. ते सहापर्यंत होते.

"सहाच?" चाची म्हणाल्या. पदर तोंडाला लावला आणि हसल्या, आणि मग पदर जरा वर सरकवून डोळे पुसले. "बाईर असं लिवत हुते व्हय? घरात तर एक शब्द बोलत न्हवते."

मला वाचता वाचता सगळं दिसत होतं. आप्पांचा आरडाओरडा, मास्तरांचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, त्यातली अर्धी भाकरी रोज माझी. अठ्ठावीस वर्षं मी ज्या खोलीत बसलो तिच्या रोजच्या दिवसाची कुणीतरी आठवण ठेवली होती आणि ती चादरींवर छापून गावोगाव पाठवली होती. मला मास्तरांची फार आठवण आली.

तेवढ्यात काहीतरी खटकलं. कारखान्यात काम करणाऱ्याला मागांचा आवाज ऐकू येत नाही, शांतता मात्र लगेच ऐकू येते. तीन नंबरचा माग थांबला होता. मग सात. मग नऊ आणि दहा एकदम. बिरुदेव पळत गेला आणि तसाच परत आला.

"अण्णा, चादर संपली की माग उभाच ऱ्हातुय. नक्षी मिळत न्हाय म्हनतुय!"

शेवटचा माग थांबला आणि सगळा कारखाना गप्प झाला. तिकडून दिग्विजयच्या बुटांचा आवाज येऊ लागला.

मी नव्या नक्ष्यांचा 'डिझाईन' फोल्डर उघडला. त्यात चार हजार एक नव्हतं. चार हजार दोन नव्हतं. त्यात 'आप्पा रागावले' होतं, 'कमरबी रुसली' होतं. माझ्या साऱ्या वर्षांच्या नक्ष्या, ज्यांच्यावर बारा माग चालत होते, त्यातली एकही नव्हती.

मी पुन्हा चष्मा पुसून पाहिलं. तरी नव्हत्याच.

"काका, माग का थांबले?" दिग्विजय दारात होता.

"मालक, थोडं... नव्या नक्ष्या दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे? पुसल्या?"

दिग्विजयनं पडद्याकडं पाहिलं. त्यावर 'आप्पांची बायपास' हे नाव उजळलेलं होतं. तो क्षणभर त्याच्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "काका, ही जुनी डिस्क काढून टाका. आत्ताच्या आत्ता. हिच्यामुळे झालंय सगळं. मी पुण्याहून माणूस बोलावतो. चाची, माफ करा, पण बारा माग बंद आहेत."

"व्हय, बरुबर हाय तुमचं," चाची म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "ऱ्हाऊ दे, शिवा. एका चादरीपाई समद्याचा खोळंबा नको." मग जाता जाता, केवळ मला वाईट वाटू नये म्हणून, त्यांनी विचारलं, "पन तू केलंस काय नेमकं?"

त्यांना काय सांगणार? पण अठ्ठावीस वर्षांच्या शीरखुर्म्याला उत्तर देणं भाग होतं. मी म्हणालो, "काही नाही, चाची. जुनी डिस्क दिसत नव्हती. ती एका फोल्डरवर अंथरली."

"कुटल्या?"

मी वहीत पाहिलं. सरफराजनं ही आज्ञा लिहिली तेव्हा एकच फोल्डर होता. 'डिझाईन'. 'जुने' हा फोल्डर आम्ही पुष्कळ नंतर केला. मी वहीतली आज्ञा उतरवली, ती जशीच्या तशी.

"डिझाईनच्या," मी म्हणालो.

"त्यात आदी काय हुतं?"

"नव्या नक्ष्या."

"मग वरची चादर उचल की," चाची म्हणाल्या. "खालची कुटं जाती?"

मी तिघांकडं पाहिलं आणि मग वहीकडं. आज्ञा क्रमांक आठ. अंथरलेली डिस्क काढून घेण्याची. ती इतक्या वर्षांत मी कधी वापरलीच नव्हती. दिली. पडद्यावरून मास्तर गेले आणि चार हजार एक, चार हजार दोन, चार हजार तीन, सगळी कैदी मंडळी रांगेनं हजर झाली. त्यांना काहीही झालं नव्हतं. ती नुसती झाकली गेली होती.

तीन नंबरचा माग खडखडला. मग सात. मला इतका गोड आवाज माझ्या लग्नातल्या सनईचाही लागला नव्हता.

दिग्विजय चाचींकडं वळून म्हणाला, "चाची, तुम्ही उद्यापासून इथंच या." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाचपर्यंत." आणि गेला.

मी जुनी डिस्क 'जुने' फोल्डरवर नीट अंथरली आणि पुन्हा वाचायला बसलो. तीन वाजून गेले होते. एम झाला, एन झाला, पी झाला. 'पाऊस आलाच नाही'. 'पाऊस आला पण नको तेव्हा'. एक एक नाव, मोर कुठं नाही. रविवारची सुट्टी आली, साखर महागली. मग यादीत एस पुढं सरकला आणि मला खोकला आला.

तो खोकला खरा नव्हता. त्या जागी पडद्यावर ओळीनं तेवीस फाइली होत्या. सगळ्यांचं नाव एकच, पुढं क्रमांक. मी वाचलं, कान तापले, आणि खोकत खोकत पान खाली सरकवलं.

"काय हुतं तितं?" चाचींनी विचारलं.

"काही नाही, कामाच्या फाइली आहेत. पुढं 'शुक्रवारी लाईट गेली'."

चाचींनी मान हलवली. आम्ही टी, यू, व्ही, झेड, सगळं केलं. 'झोप लागली' ही शेवटची नक्षी. त्यात ठिपके होते. मोर नव्हता.

साडेचार झाले. चाची उठल्या. तक्रार केली नाही, उसासा टाकला नाही. "नसंल नशिबात. तू लई केलंस, शिवा," म्हणाल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. एवढ्या मोठ्या यादीत त्यांना नवऱ्यानं ठेवलेली एवढी एक गोष्ट हवी होती आणि ती मला देता येत नव्हती. मला स्वतःचा संताप आला.

"चाची, ती नक्षी काढली त्या दिवशी काय घडलं होतं, काहीच आठवत नाही?"

त्या उंबऱ्यावर थांबल्या. "आटवतंय की. पन सांगू का नको असं झालंय सकाळपासनं. तुला राग यील."

"मला कशाला राग येईल?"

"इफ्रा सा वर्साची हुती. साळंला सुट्टी, म्हनून मास्तर तिला हितं घिऊन आले हुते. त्या दिशी तुमचा कॉम्प्युटर बंद पडला हुता. मग त्यांना कामच न्हवतं. दिसभर तिला मांडीवर घिऊन कागदावर मोर काडत बसले. ती म्हनली हितं पीस काड की तितं पीस. दुसऱ्या दिशी मशीनमदी घातला. बंद पडला त्या दिशी घरी यून लई हसत हुते. म्हनले, शिवानं आज परत कॉम्प्युटर..." त्या थांबल्या. "तसं म्हनत हुते ते. मी न्हाय म्हनत."

बिरुदेव हळूच तंबाखू मळायला बाहेर गेला.

"या, बसा," मी म्हणालो. "थोडी वाचायची राहिलीत."

मी पान वर सरकवलं आणि मोठ्यानं वाचलं. "शिवाने कॉम्प्युटर बिघडवला. शिवाने कॉम्प्युटर बिघडवला, दोन. शिवाने कॉम्प्युटर बिघडवला, तीन." एकेक उघडत गेलो. माझ्या प्रत्येक चुकीवर मास्तरांनी एक सुंदर नक्षी काढून ठेवली होती. नवव्या फाइलीत मोर होता. पिसारा एका बाजूला जास्त, कारण सहा वर्षांच्या पोरीनं सांगितलेलं प्रत्येक पीस मास्तरांनी घातलं होतं, आणि मोराच्या पायात शाळेचे बूट होते.

चाचींनी पडद्याला बोट लावलं. बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाल्या, "बग, तू बिगडवला नसतास तर ह्यो मोर निगालाच नसता."

मास्तरही हेच म्हणाले असते आणि म्हणूनच मला रडू आलं. मी ते खोकल्यात घातलं. आता दिवसभर खोकलोच होतो.

पाचला दहा मिनिटं कमी असताना नक्षी चार नंबरला दिली. देण्याआधी माझं बोट एका बटणावर गेलं होतं. फाइलचं नाव बदलायला दोन सेकंद लागतात. 'इफ्राचा मोर' किती छान दिसलं असतं. पण मास्तरांनी ठेवलेलं नाव बदलायचं म्हणजे त्यांना मध्येच तोडून आपण बोलल्यासारखं झालं असतं. ते मी त्यांच्या हयातीत कधी केलं नाही. नाव तसंच ठेवलं.

पंधरा दिवसांनी लग्न झालं. मी सहकुटुंब गेलो. आमच्यासाठी शाकाहारी टेबल वेगळं, दाराजवळ. कमरबीचाचींनी चादर सगळ्यांदेखत इफ्राच्या हातात दिली. इफ्रानं घडी उलगडली, मोराचे बूट पाहिले आणि आजीच्या गळ्यात पडली. आजूबाजूच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. मग नवऱ्या मुलाच्या आत्यानं चादरीची चिठ्ठी हातात घेतली आणि शाळामास्तरीण असल्यामुळे खणखणीत वाचली.

"शिवाने कॉम्प्युटर बिघडवला, नऊ." त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. "हा शिवा कोण?"

चाचींच्या हातात तेव्हा वाढायचा डाव होता. तो त्यांनी उचलला आणि मोठ्या अभिमानानं माझ्याकडं दाखवला. तीनशे माणसांनी माना वळवल्या.

"आणि नऊ म्हणजे?" आत्यांनी विचारलं.

त्या तेवीस फाइलींचं मी बायकोला त्याच रात्री सांगून बसलो होतो. इतक्या वर्षांत ती माझ्या कॉम्प्युटरविषयी कधी एक शब्द बोलली नव्हती. ती दही वाढून घेता घेता म्हणाली, "पुढच्या चौदा अजून इनायच्या हायत."